परदेशी शिकणाऱ्या मुलांची स्कूटर
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपली मुलेमुली आज शिक्षणासाठी इंग्लंडापर्यंत जातात. तेथून मोटारीसाठी पैसे मागणारा फोन आला की, घरात शेत गहाण टाकण्याची भाषा सुरू होते. तत्पूर्वी लहान स्कूटरचा विचार व्हावा, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

यात कमीपणा मुळीच नाही. महायुद्धाने गांजलेल्या इटलीत, विमाने बनविणाऱ्या पियाज्जिओ कारखान्याने १९४६ साली व्हेस्पा काढली, ती मोटार न परवडणाऱ्यांसाठीच. तिच्याच घडणीची ‘चेतक’ बजाजने १९७२ साली आणली. नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहून लोकांनी ती घेतली आणि सारा संसार तिच्यावर वाहिला.

परंतु तेथील नियम निराळे आहेत. इंग्लंडात १२५ सी.सी.पर्यंतची स्कूटर शिकाऊ परवान्यावर चालविता येते. त्याआधी सक्तीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा दाखला दोनच वर्षे चालतो. शिकाऊ चालकास मागे कोणास बसविता येत नाही, की मोटरवेवर जाता येत नाही. विमाही सक्तीचा, मात्र तरुणांच्या मोटारीचा विमा फार महाग पडतो, हेही ध्यानी घ्यावे.

म्हणून मुलांना आधी विचारावे : अंतर किती, रस्ता कोणता, हिवाळ्यात बर्फ पडते काय? अंतर थोडे असेल, तर स्कूटर पुरे. काटकसर मात्र हेल्मेटमध्ये करू नये. मुंबई-आग्रा रस्त्याकाठी राहणाऱ्या आपणां शिरपूरकरांस याचे कारण सांगावयास नको.

शेत घरी राहो आणि लेकरू सुखरूप परत येवो, हीच प्रार्थना.