सांडपाण्यावरची भाजी कोणी विषारी केली?



मुंबईच्या रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, मुळा पिकताना प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे. मधूनमधून ओरड होते, बडगा भाजी पिकविणाऱ्यावर पडतो. नाल्यात धातू सोडणारा नामानिराळा राहतो.

घरगुती मैलापाणी शेताचे शत्रू नव्हे. त्यात नत्र व स्फुरद असते. जंतू आणि सेंद्रिय घाण शुद्धीकरणाने काढता येते. धातूंचे तसे नाही. मुलाम्याचे, बॅटऱ्यांचे, रंगांचे कारखाने सोडतात ते कॅडमियम आणि शिसे कुजत नाही, मातीत साठत जाते. शिसे बहुतांशी मुळांशी अडते. कॅडमियम मात्र पानांत चढते. ते धुऊन जात नाही, शिजवूनही नाही. मूत्रपिंडात शिरले की दहा-वीस वर्षे ठाण मांडते. ज्या बाईच्या अंगात लोह कमी, तिचे आतडे ते अधिक शोषते. पंडुरोगाने खंगलेल्या कष्टकरी स्त्रीवर या विषाचा घाव म्हणूनच सर्वांत खोल बसतो.

जपानच्या तोयामा प्रांतात हे घडून गेले. मित्सुई कंपनीच्या कामिओका खाणीचे पाणी जिंझू नदीत आणि नदीचे पाणी भातखाचरांत जाई. तो भात खाऊन बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की ती किरकोळ हालचालीनेही मोडत. रोगाचे नाव पडले ‘इताई-इताई’. आपल्याकडील ‘आई गं, आई गं’ तेच. डॉक्टर हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखविले तेव्हा त्यांचीच हेटाळणी झाली. सरकारने कारण मान्य केले १९६८ मध्ये. रोगी न्यायालयात गेले. १९७१ मध्ये जिंकले, १९७२ मध्ये अपिलातही. विषारी माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार आपल्या शहरांत रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर मैलापाणी निर्माण होई. प्रत्यक्ष शुद्ध होई सुमारे २,०२४ कोटी. उरलेल्यावर कोणाची ना कोणाची शेती होणारच. ती बंद पाडा, ही मागणी पोटावर पाय देणारी आहे. कारखान्याचे पाणी मैलापाण्यात मिसळण्यापूर्वी, कारखान्याच्याच खर्चाने, धातुमुक्त झाले पाहिजे. माती व भाजीच्या तपासणीचे आकडे वॉर्डावॉर्डांत लागले पाहिजेत. आणि तपासणी केवळ निरीक्षकांवर सोपवून भागणार नाही. जिंझूच्या शेतकऱ्यांनी १९७२ च्या विजयानंतर भरपाईवर समाधान मानले नाही. तज्ज्ञांना घेऊन खाणीत शिरण्याचा हक्क त्यांनी कंपनीकडून लिहून घेतला, तोही तिच्याच खर्चाने.