डोंगरावरचं गवत म्हणजे ओसाडी नव्हे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, पाऊस सुरू झाला की आपल्याकडे झाडं लावण्याची लगबग सुरू होते. काही वर्षांपूर्वी आम्हीही दहा-बारा जण रोपं घेऊन धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगरावर गेलो होतो. बोडका उतार हिरवा करायचा, एवढाच विचार. पहिल्याच खड्ड्यात पहारीखाली मुरूम लागला. जवळच एक ठेलारी बाबा मेंढरं चारत होते. ते म्हणाले, "गुरुजी, आठे झाडं काय जगतीन? गवत मातर जाई." आम्ही हसलो. पुढच्या उन्हाळ्यात रोपं वाळली आणि खड्ड्यांच्या जागी गवतही परतलं नाही. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण हा धडा मला त्या बाबांनी दिला.

जिथं झाड नाही तिथलं जंगल कुणीतरी तोडलं असणार, असं आपण धरून चालतो. पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे, सगळीकडे नाही. आपल्या डोंगरांवर काळ्या कातळावर मातीचा पातळ थर असतो. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड. अशा जागी झाडापेक्षा गवत तरतं, कारण त्याचा जीव जमिनीलगत आणि जमिनीखाली असतो. वरचं पातं गुरांनी खाल्लं किंवा वणव्यात जळलं, तरी बुडख्यातून ते पुन्हा फुटतं. धोतराला चिकटणारी कुसळी तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या बियांची शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पिळते, आणि बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. ही तयारी काही दोन-चार पिढ्यांत झालेली नाही.

सातपुड्यात तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. १९९८ पर्यंत ते आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. तिथं घळींत दाट झाडी, तर उघड्या जागी गवत. याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, १९९७ साली रानपिंगळा पुन्हा सापडला. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. तो नामशेष झाला असंच धरलं जाई. हा पक्षी विरळ सागवानी रानात राहतो. फांदीवर बसून मोकळ्या जागेतले सरडे, उंदीर टिपतो. झाडं तर त्याला हवीतच, पण झाडांमधली मोकळीकही हवी.

आपले डोंगर तसे बुटकेच. दोन हजार मीटरच्या वर काय होतं, ते दक्षिणेत नीलगिरी पर्वतावर दिसतं. तिथं घळींत 'शोला' नावाची जंगलं आणि उतारांवर गवत. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दलदलीतल्या जुन्या थरांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. हवामान बदलेल तसं गवत आणि झाडी वीस हजार वर्षं मागे-पुढे सरकत आली आहेत, असं त्यातून दिसलं. म्हणजे शेती येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथं गवत होतं. इंग्रजांनी मात्र ते उतार रिकामे समजून ऑस्ट्रेलियातली युकॅलिप्टस आणि वॅटल लावली. गंमत पाहा, ज्या पर्वतावर युकॅलिप्टस उपरा, त्याच पर्वताच्या नावानं आपण त्याला 'निलगिरी' म्हणतो! वॅटल तर तिथल्या गवतात अजूनही पसरते आहे, आणि त्या गवतावर जगणाऱ्या नीलगिरी ताहर या रानबकऱ्याचं कुरण आक्रसलं आहे.

झाडं लावू नका, असं मी म्हणत नाही. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, जिथलं जंगल खरोखर तुटलं तिथं जरूर लावा. अतिचराईनं आणि दरसाल लावलेल्या वणव्यानं गवतही खंगतं. त्यालाही विसावा हवा. पण सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलेलं प्रत्येक रान पडीक नसतं. कुदळ उचलण्याआधी एकदा श्रावणात त्या डोंगरावर जा. तिथं काय उगवतं ते पाहा. आणि तिथं मेंढरं चारणारं कुणी भेटलं, तर त्यांना आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.