बोगदा एक की दोन?

सुरत स्थानकावरून चौकबाजाराकडे निघालेल्या वाटसरूला आपण बोगद्यावरून चालत आहोत याची जाणीव सहसा नसते. कापोद्रा ते चौकबाजार हा मेट्रोचा सुमारे साडेसहा किलोमीटरांचा मार्ग भुयारी आखलेला आहे. जाणाऱ्या गाडीस एक बोगदा व येणाऱ्या गाडीस दुसरा, अशी तेथील योजना. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेही सुरतेवरून जायची. परंतु तिच्यासाठी वलसाड जिल्ह्यातील झरोळीचा डोंगर २०२३ साली आरपार खोदला गेला, तेथे ३५० मीटरांच्या एकाच बोगद्यात दोन्ही मार्ग आहेत. ठाण्याच्या खाडीखालीही तीच योजना. मग दोन लहान बोगदे स्वस्त, की एक मोठा?

हिशेब करून पाहू. साडेसहा मीटर व्यासाच्या दोन बोगद्यांऐवजी दहा मीटरांचा एकच खणला, तर माती सुमारे अठरा टक्के अधिक निघते. उलट, आतील अस्तराचा घेर कमी भरतो, आणि खोदयंत्राला तीच वाट दुसऱ्यांदा चालावी लागत नाही. एवढ्यावरून मोठा बोगदा स्वस्त वाटेल. पण बोगद्यावर साधारणतः त्याच्या व्यासाइतकी तरी जमीन राखावी लागते. म्हणजे बोगदा मोठा, तर स्थानक अधिक खोल, जिने अधिक लांब, आणि खर्चही अधिक.

शिवाय सुरतेची जमीन तापीच्या गाळाची, व वर जुन्या घरांची दाटी. मोठे छिद्र पाडले की जमीन खचण्याचे भय वाढते. डोंगराच्या खडकात ही चिंता कमी. उलट, वेगवान गाडी हवा पुढे रेटीत जाते, तेव्हा तिला प्रशस्त बोगदाच मानवतो.

तिसरा प्रश्न जिवाचा आहे. एका बोगद्यात आग लागली, तर जोडमार्गाने प्रवाशांना शेजारच्या बोगद्यात नेता येते. १९९४ साली खुल्या झालेल्या इंग्लिश खाडीखालच्या मार्गात दोन रेल्वे-बोगद्यांमध्ये तिसरा सेवा-बोगदा आहे, तो याचसाठी. जपानने मात्र १९८८ साली सेइकानच्या सुमारे ५४ किलोमीटरांच्या बोगद्यात दोन्ही मार्ग एकत्र नेले. तेथे सुटकेची सोय निराळी करावी लागली.

तात्पर्य, बोगद्याचा दर नुसता मीटरावर मोजून चालत नाही. वरच्या घराची भिंत शाबूत राहणे आणि आतला प्रवासी सुखरूप बाहेर येणे, या दोन्ही गोष्टी त्या हिशेबात धरल्या पाहिजेत. म्हणूनच जे झरोळीच्या डोंगराला शोभले, ते चौकबाजाराला शोभेलच असे नाही.