बोली, बाजार आणि धन्याची जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



पर्युषण पर्वातील चौदा स्वप्नांच्या बोलीचा प्रसंग येथील बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बोली तुपाच्या मणांत होते आणि एका मणाचे रुपये किती, हे संघाने आधीच ठरविलेले असते. कोणी अकरा मण म्हणतो, कोणी एकवीस. पुकारा होतो आणि आदेश दिला जातो. कोणी सही मागत नाही, कोणी विसार घेत नाही. उच्चारलेला शब्द हेच कर्ज, आणि देवद्रव्याचे कर्ज अंगावर ठेवू नये ही वाडवडिलांची शिकवण. या व्यवहारात बोली लावणारा, पुकारणारा आणि नोंद करणारा मुनीम हे तिघेही एकाच छताखाली, एकमेकांसमोर असतात. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

परंतु ज्या लिलावात घेणारा कल्याणला, देणारा शेकडो कोसांवर आणि बाजाराचा धनी तिसऱ्याच शहरात असतो, त्या लिलावात जाब कोणी द्यायचा? संगणकावरील लिलावबाजाराच्या प्रमुखाचे नेतृत्व कोणत्या मापाने मोजायचे? प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. यातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आपल्या शेजारच्या मुंबईतील एका कंपनीचे आहे.

बाजी डॉट कॉमचा उदय

इ. स. २००० मध्ये अवनीश बजाज आणि सुवीर सुजान या दोन तरुणांनी मुंबईत ‘बाजी डॉट कॉम’ ही कंपनी स्थापन केली. दोघेही अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेले. कल्पना सरळ होती. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याने तिची माहिती संकेतस्थळावर मांडावी, ज्याला हवी त्याने बोली लावावी, सौदा जुळल्यास कंपनीने आपली दलाली घ्यावी. कंपनीचे स्वतःचे गोदाम नाही, माल नाही, उधारी नाही. व्यापारी भाषेत सांगायचे तर ही केवळ अडतीची पेढी होती. फरक इतकाच की तिच्या ओट्यावर एकाच वेळी साऱ्या देशाने बसावे अशी सोय होती.

त्या काळी घरोघरी संगणक नव्हते. न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठविणे ही गोष्ट सामान्य गृहस्थाला वेडेपणाची वाटे. अशा परिस्थितीत चार वर्षांत दहा लाखांहून अधिक सदस्यांची नोंदणी करणे हे लहान काम नव्हते. जून २००४ मध्ये अमेरिकेतील ‘ईबे’ या कंपनीने सुमारे ५ कोटी डॉलरना बाजी विकत घेण्याचे जाहीर केले. अवनीश बजाज प्रमुखपदी कायम राहिले.

ईबेच्या प्रमुख तेव्हा मेग व्हिटमन या होत्या. मार्च १९९८ मध्ये त्या रुजू झाल्या त्या वेळी कंपनीत जेमतेम तीस माणसे होती. २००८ मध्ये त्यांनी पद सोडले तेव्हा ती संख्या सुमारे १५,००० झाली होती आणि वार्षिक उत्पन्न ८ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचले होते. त्यांच्या कारकिर्दीच्या जमेच्या बाजूस २००२ मधील ‘पेपाल’ची खरेदी लिहावी लागते. नावे टाकायच्या रकमाही मोठ्या आहेत. चीनमध्ये ‘ताओबाओ’ने विक्रेत्यांकडून शुल्कच घ्यायचे नाही असे धोरण ठेवले आणि २००६ अखेर ईबेला तेथील आपला स्वतंत्र बाजार आवरता घ्यावा लागला. २००५ मध्ये २.६ अब्ज डॉलरना घेतलेल्या ‘स्काइप’पैकी सुमारे १.४ अब्ज डॉलर दोनच वर्षांत बुडीत धरावे लागले.

मात्र एक प्रसंग या ताळेबंदापलीकडचा आहे. जून १९९९ मध्ये ईबेची यंत्रणा सुमारे २२ तास बंद पडली. व्हिटमनबाई स्वतः तंत्रज्ञांमध्ये तळ ठोकून बसल्या. कंपनीने विक्रेत्यांचे शुल्क परत केले आणि नेहमीच्या विक्रेत्यांना दूरध्वनी करून दिलगिरी कळविली. प्रमुखाने संकटकाळी कसे वागावे याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला गेला. तो ध्यानात ठेवून मुंबईकडे वळू.

शनिवार ते सोमवार

२७ नोव्हेंबर २००४, वार शनिवार. सायंकाळी बाजीच्या संकेतस्थळावर एका विद्यार्थ्याने एक चित्रफीत विक्रीस मांडली. दिल्लीतील एका शाळेतील दोन अल्पवयीन मुलांची ती खासगी, आक्षेपार्ह चित्रफीत होती. आक्षेपार्ह शब्द चाळून काढणारी यंत्रणा कंपनीकडे होती, परंतु तिच्यातून ही नोंद निसटली. त्याच सायंकाळी एका जागरूक सदस्याने कंपनीला कळविले, की येथे असा प्रकार चालू आहे. नोंद हटविली गेली ती सोमवारी, २९ तारखेला सकाळी. मधल्या अवधीत आठ जणांनी खरेदी केली. विक्रेत्याची किंमत १२५ रुपये, त्यावर कंपनीची दलाली ३ रुपये. म्हणजे या साऱ्या प्रकरणात कंपनीच्या गल्ल्यात पडले अवघे २४ रुपये.

तपास दिल्ली पोलिसांकडे गेला. सहकार्य करण्यासाठी मुंबईहून दिल्लीस गेलेल्या अवनीश बजाज यांना १७ डिसेंबर रोजी अटक झाली. २१ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. देशभर वाद पेटला. संगणक उद्योगाच्या ‘नॅसकॉम’ या संघटनेने अटकेचा निषेध केला आणि अमेरिकेच्या सरकारनेही प्रकरणात लक्ष घातले, कारण बजाज हे त्या देशाचे नागरिक होते.

वादाच्या दोन बाजू

अनेकांताची शिकवण अशी, की वस्तूला अनेक बाजू असतात आणि एकाच बाजूने बोलणारा अपुरे बोलतो. म्हणून दोन्ही पक्ष त्यांच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजेत.

बजाज यांच्या बाजूचे म्हणणे असे. भिवंडीचा कोरा माल गाठी बांधून निघतो, तेव्हा वाहतूकदार प्रत्येक गाठ उघडून पाहत नाही. गाठीत चोरीचा माल निघाला तर त्याला तुरुंगात टाकणे न्याय्य नव्हे. बाजीचे तर गाठीला हातही लागले नव्हते. चित्रफीत विक्रेत्याने खरेदीदारांना परस्पर ई-मेलने धाडली, कंपनीच्या यंत्रावर ती कधी आलीच नाही. लाखो सदस्यांच्या नोंदी प्रमुखाने स्वतः वाचाव्यात ही अपेक्षाच अशक्य आहे. कळल्यावर नोंद काढली आणि प्रमुख स्वतः तपासाला हजर झाला. अशा माणसाला बेड्या घातल्या तर उद्या या देशात नवा उद्योग कोण काढील?

विरुद्ध बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. कंपनी ही निव्वळ वाहतूकदार नव्हती, ती दलाली घेत होती. ज्याने सौद्यातून तीन रुपये घेतले, त्याने ‘सौदा माझा नव्हे’ असे म्हणू नये. चाळणी अपुरी होती हे कबूल केले, तर अपुऱ्या चाळणीवर बाजार का उघडला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तक्रार शनिवारी सायंकाळी आली होती. रविवारी बाजार चालू होता, पैसे जमा होत होते. तक्रार ऐकणारे तेवढे कोणी नव्हते.

न्यायालयांचा निवाडा

हे प्रकरण साडेसात वर्षे चालले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजाज यांच्यावरील भारतीय दंड संहितेखालचे आरोप रद्द केले, परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा खटला चालू ठेवण्यास मुभा दिली. पुढे २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनीता हाडा यांच्या प्रकरणासोबत निर्णय देताना तोही रद्द ठरविला. कारण व्यापाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. कायद्याने गुन्हा पेढीचा मानला असेल, तर पेढीला आरोपी केल्याशिवाय केवळ तिच्या संचालकाला आरोपी करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. येथे कंपनीला आरोपी केलेच नव्हते.

दरम्यान कायदाही बदलला. २००८ मध्ये संमत झालेली आणि ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेली दुरुस्ती अशी, की मध्यस्थाने योग्य ती दक्षता घेतली असेल तर दुसऱ्याने मांडलेल्या मजकुराबद्दल त्याला जबाबदार धरू नये. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देणे बंधनकारक केले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी व्यक्तीच्या खासगी, आक्षेपार्ह चित्रांबाबत तक्रार आल्यास ती २४ तासांच्या आत हटविण्याची मुदत घातली. बाजीला लागलेला वेळ शनिवार सायंकाळ ते सोमवार सकाळ, म्हणजे साधारण दीड दिवस होता, हे येथे आठवावे.

मोजमाप कोणते?

बजाज यांची अटक अनुचित होती, असेच आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. न्यायालयातून ते सुटले. २००६ मध्ये त्यांनी नव्या उद्योगांना भांडवल पुरविणारी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि त्या क्षेत्रात नाव कमावले. परंतु कायद्याने निर्दोष ठरणे आणि पेढीची पत राखणे ही दोन वेगळी खाती आहेत.

जुन्या मंडईतील अडत्याची रीत आठवावी. आपल्या ओट्यावर आलेले प्रत्येक पोते तो उघडत नाही. ते शक्यही नसते. पण एखाद्या पोत्याबद्दल कोणी ओरड केली, तर तो आधी ते पोते बाजूला काढतो आणि मग चौकशी करतो. ओरड खरी की खोटी हे नंतर ठरते, पोते मात्र त्या क्षणी विक्रीतून बाहेर जाते. या रीतीसाठी संगणक लागत नाही, कायदाही लागत नाही. ओट्यावर कोणीतरी बसलेले असावे लागते.

१९९९ मध्ये यंत्रणा बंद पडली तेव्हा अमेरिकेत प्रमुखापासून शिपायापर्यंत सारे धावले, कारण यंत्र थांबले की दलाली थांबते. २००४ मध्ये मुंबईत तक्रार आली तेव्हा दलाली थांबली नव्हती आणि म्हणूनच कोणी धावले नाही. दोन्ही प्रसंग एकाच व्यवसायातील आहेत. पहिल्यात नुकसान कंपनीचे होते. दुसऱ्यात ते अशा दोन मुलांचे होते, जी या बाजाराची ना ग्राहक होती ना सदस्य. साऱ्या वादात कंपनीचे काय होईल, उद्योगाचे काय होईल, गुंतवणुकीचे काय होईल यावर खूप बोलले गेले. त्या रविवारी त्या मुलांचे काय होत होते, यावर फार थोडे. आपल्या नफ्याशी संबंध नसलेल्याची हाक ज्याच्या पेढीत ऐकली जाते, त्याचे नेतृत्व मोठे मानावे. हे माप व्हिटमन आणि बजाज यांना लावावे, आणि इतरांनाही.

बाजीचे पुढे ‘ईबे इंडिया’ झाले. २०१७ मध्ये तो व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. दुकान मिटले, पण प्रश्न मिटला नाही. तो आता आपल्या घरांत आला आहे. भिवंडीच्या आसपास संगणकी बाजारांची प्रचंड गोदामे उभी आहेत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कापडाच्या पेढ्यांची तरुण पिढी मोबाइलवर साड्या आणि तयार कपडे विकते. वडिलांना वाटते की ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याच्याशी सौदा कसला. मुलाला वाटते की वडिलांचा काळ संपला. दोघांचेही अर्धे खरे आहे. सौदा चेहरा न पाहता होऊ शकतो, हे मुलाने सिद्ध केले आहे. चेहरा दिसत नसला तरी जबाबदारी तीच राहते, हे वडिलांनी त्याला शिकवायचे आहे.

म्हणून तरुण व्यापाऱ्यांना एकच विनंती. साडीचा रंग छायाचित्रातल्यासारखा निघाला नाही अशी तक्रार रविवारी रात्री आली, तर ती सोमवारवर टाकू नये. आधी तो माल विक्रीतून बाजूला काढावा, मग दोष कोणाचा ते पाहावे. वाडवडील दिवाळीला चोपडीपूजन करीत तेव्हा चोपडीच्या पहिल्या पानावर ‘लाभ’ लिहीत आणि त्याच्या आधी ‘शुभ’ लिहीत. नव्या बाजारात चोपडी पडद्यावर गेली आहे. तो क्रम मात्र तसाच राहावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र!