चेंबरच्या पुढे काय?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



आपली संस्था पंचवीस वर्षं नीट चालली, कारण दरवर्षी कोणीतरी हिशेब विचारला. पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीबिलावर वार्षिक सभेत अर्धा तास भांडणारी मंडळी इथंच बसली आहेत. त्यांना माझा नमस्कार! पण आपली चौकशी कंपाउंडच्या चेंबरपाशी थांबते. पुढे ते पाणी कुठं जातं, हे कोणी विचारत नाही.

शहाद्याचा उतार गोमाईकडे. गोमाई प्रकाशाला तापीला मिळते. तिथंच आपण पर्वणीला स्नान करतो, केदारेश्वराचं दर्शन घेतो. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथं बॅरेज आहेत, पुढे उकाईचं धरण. वाहत्या पाण्यातली घाण निदान पुढे तरी जाते, अडवलेल्या पाण्यात ती साचते.

सांडपाणी शुद्ध करूनच सोडा, असं जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून सांगतो. २२ फेब्रुवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने शहरांच्या प्रक्रिया केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदतही घातली. सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचाच, पैसा ओतून केंद्रं उभी राहिली. पण मार्च २०२१ चा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल पाहा. देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर. उभारलेली क्षमता ३१,८४१. प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जी केंद्रं बांधली, त्यांचाही तिसरा हिस्सा रिकामाच!

मी बँकेतला माणूस. कोणी कर्ज काढून पिठाची गिरणी टाकली, तर गिरणी उभी राहिली म्हणून आम्ही फाईल बंद करत नव्हतो. गिरणी चालते का, ते लाइटबिल सांगायचं. इथंही तसंच आहे. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यांना हवा लागते. ती देणारे ब्लोअर चालवायला वीज लागते. ब्लोअर बंद ठेवले की बिल वाचतं आणि पाणी आलं तसंच पुढे जातं. फीत कापल्याचा फोटो मात्र भिंतीवर राहतो.

म्हणून कुठल्याही केंद्राचे चार कागद बघावेत. पहिला, वर्षभराची वीजबिलं. दुसरा, रोजची नोंदवही: किती पाणी आलं, किती गेलं. तिसरा, प्रयोगशाळेचा अहवाल. त्यात नमुना कधी घेतला, कोणासमोर घेतला, हेही बघा. चौथा, गाळाचा हिशेब. केंद्र खरोखर चालत असेल तर गाळ निघणारच. गाळ कुठं गेला याची नोंदच नसेल, तर पाणी शुद्ध झालं कशावरून?

कोणी म्हणेल, काका, आम्हाला हे दाखवणार कोण? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नुसते कागद मागण्याचाच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि नमुने घेण्याचाही हक्क आहे. अर्जाची फी दहा रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. यात भांडण नाही, आरोप नाही. बँकेत ऑडिटर यायचे, तेव्हा आम्ही सगळे चोर आहोत असं कोणी धरत नव्हतं. पण ते येणार हे माहीत असल्यामुळे वह्या रोजच्या रोज पूर्ण व्हायच्या, हेही खरं.

माझी सूचना साधी आहे. वार्षिक सभेत तीन सभासदांची समिती नेमावी. त्यात एक तरी भगिनी आणि एक तरी तरुण असावा. नगरपालिकेला पहिला प्रश्न हा विचारावा, की आमच्या चेंबरचं पाणी कुठं पोहोचतं? तिथं केंद्र असेल तर दर तिमाहीला हे चार कागद बघावेत. नसेल तर ते कधी होणार, आणि झाल्यावर चालवण्याच्या खर्चाची तरतूद काय, हे लेखी मागावं. उत्तर येईल ते जिन्याखालच्या फलकावर लावावं, मेंटेनन्सच्या हिशेबाशेजारीच.

अर्जाचा मसुदा मी करून देतो. सह्या तुम्ही करा.