फिर्याद कोणाविरुद्ध?



या संमेलनाची अध्यक्ष म्हणून ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले त्याच्या शीर्षकाशीच माझे भांडण आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'नव्या पिढीच्या हातून होणारा बोलीचा ऱ्हास' असे शब्द छापले आहेत. फिर्याद, आरोपी आणि निकाल ही तिन्ही या एका ओळीत येऊन गेली आहेत. मला ती फिर्याद मान्य नाही. कोल्हापुरी बोलीला जी इजा पोचली ती आज मिसरूड फुटलेल्या पोरांनी केलेली नाही. ती शाळेने केली, कचेरीने केली, आणि या सभागृहाच्या पुढच्या रांगांत बसलेल्या, शिकल्यासवरल्या, आपली मुले 'शुद्ध' बोलावीत म्हणून त्यांच्या आजीला गप्प बसवणाऱ्या आईबापांनी केली.

आरोप काय आहे तो आधी पाहू. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेली पोरे 'नाद खुळा' म्हणतात, 'काटा किर्र' म्हणतात, चांगले काही दिसले की 'जाळ अन् धूर संगटच' म्हणतात, आणि एखादी गोष्ट अवघड वा अव्वल असली तर 'विषय हार्ड' असा अर्धा इंग्रजी शेरा मारतात. आपल्या आजोबांनी ज्याला 'मर्दा' किंवा 'गड्या' म्हटले असते त्याला ही पोरे 'भावा' म्हणतात. एवढ्यावरून बोली बुडाली असे म्हणणाऱ्यांनी 'राडा' या एका शब्दाचा प्रवास पाहावा. पावसात गोठ्यापुढे जो चिखल होतो तो राडा. पुढे चौकातल्या मारामारीला राडा म्हणू लागले. आता मिरवणुकीतल्या आनंदाच्या कल्लोळालाही पोरे राडाच म्हणतात. मूळ चिखलाचा अर्थ अजून खेड्यात जिवंत आहे, मारामारीचा वर्तमानपत्रांत आहे, आणि तिसरा पोरांच्या तोंडी आहे. एका शब्दाला तीन पिढ्यांनी तीन अर्थ दिले आणि तिन्ही एकाच जिल्ह्यात सुखाने नांदतात. याला ऱ्हास म्हणणाऱ्याने समृद्धीची आपली व्याख्या तरी सांगावी.

लागणीचा ऊस तोडून नेला म्हणजे रान मोकळे होत नाही. जमिनीतल्या बुडख्यांना पुन्हा फूट येते आणि तिला आपण खोडवा म्हणतो, हे या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. पोरांची बोली हा असा खोडवा आहे. वरचा ऊस कापून नेणारे हात दुसऱ्यांचेच होते, आणि त्या हातांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

आपल्या मुलखातली बाई 'मी जातो', 'मी आलो', 'मी करतो' असे म्हणते. माझी आई असेच बोलली, आजीही असेच बोलली. कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' असा भेद क्रियापदात नाही. शतकानुशतके कानडीच्या शेजारात राहिलेल्या, अण्णा, अक्का, आप्पा ही नाती तिच्याशी वाटून घेतलेल्या आपल्या मराठीतूनही तो गळाला असावा, असे मानण्यास भरपूर जागा आहे. कसेही असो, हे या मुलखाच्या स्त्रियांचे नियमबद्ध, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचे व्याकरण आहे. हेच व्याकरण घेऊन मी शिक्षणासाठी परगावी गेले, तेव्हा 'मी येतो' म्हणताच वर्ग हसला आणि शिकवणाऱ्या बाईही हसल्या. आठवड्याभरात मी 'येते' म्हणू लागले, आणि सुट्टीत घरी परतल्यावर आईपुढे कोणते रूप तोंडातून काढावे हे मला उमगेना. अशा हजारो मुलींनी आपल्या आईचे क्रियापद सोडले. कोणी त्यांना त्याबद्दल शिक्षा केली नाही, नुसते हसण्याने काम भागले. आणि जो शब्द शरमेने गळतो तो सहसा परत येत नाही, कारण त्याला परत बोलावणाऱ्यालाच त्याची लाज वाटत असते.

'काय करालायस?', 'जेवालोय' ही आपली रूपे घ्या. 'करू लागला आहेस', 'जेवू लागलो आहे' यांचीच ती वापराने घासलेली रूपे मला दिसतात, आणि चालू असलेल्या क्रियेचा जो नेमका क्षण ती पकडतात तो प्रमाणभाषेच्या 'करतोस'ला तितकासा पकडता येत नाही. 'काय गा', 'का गा' यांतला 'गा' तर सरसकट गावंढळ ठरवला गेला. ज्या ज्ञानेश्वरीचे आपण पारायण करतो, त्या इ.स. १२९० च्या ग्रंथात 'गा' आणि 'अगा' ही संबोधने ठायी ठायी आहेत. सातशे वर्षांहून जुना शब्द कोल्हापूरच्या शेतकऱ्याने जपला, आणि त्याच्या मुलाला शाळेत तो टाकावयास लावला. मग भाषेचा वारसा जपला कोणी आणि उधळला कोणी, याची रुजवात एकदा होऊन जाऊ द्या.

साहित्यिकांनाही मी यातून सोडणार नाही. आपल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी 'असं केलं' ही बोलण्यातली रूपे पात्राच्या तोंडी घालावयास मुभा दिली, आणि लेखकाने स्वतः मात्र 'असे केले' लिहावे असे सांगितले. अवतरणचिन्हांच्या आत बोली आणि बाहेर प्रमाणभाषा, अशी ही हद्द आखली गेली, आणि आपल्यातील बहुतेकांनी ती निमूटपणे पाळली. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी कथाकथनाच्या मंचावरून हीच बोली महाराष्ट्रभर नेली आणि सभागृहे तुडुंब भरली. पण तेथे टाळ्या देणारा श्रोता घरी जाऊन आपल्या पोराचे 'न्हाई' दुरुस्त करीतच राहिला. कागलच्या आनंद यादवांनी १९७१ साली 'गोतावळा' लिहिली तेव्हा ती हद्द पुसली. त्या कादंबरीत निवेदनच नारबा या शेतगड्याच्या बोलीत आहे, आणि मळ्यात ट्रॅक्टर येऊन जनावरे जात असताना त्याच्या जिवाची जी तगमग होते ती दुसऱ्या कोणत्याही भाषेत मांडता आली नसती. राजन गवस त्या वाटेने पुढे गेले. पन्हाळ्याकडील कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे सर्व आपल्याच जिल्ह्याचे. तरीही आपल्या संमेलनांची भाषणे, आणि हे भाषणही त्यातच आले, अवतरणचिन्हांच्या बाहेरच्या भाषेतच होतात. कारण व्यासपीठाची भाषा वेगळी असते हा संकेत मोडण्याचे बळ आपण कोणत्याच वक्त्याला दिलेले नाही.

शुद्धीचा आग्रह धरणारे थोर होते, हे मी विसरत नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत अशी संस्कृत नामाभिधाने दिली. परकी सत्तेचा पगडा झुगारणाऱ्या राजाला ते शोभलेही. तथापि पुढे साऱ्या हिंदुस्थानाने ओळखले ते 'पेशवे' म्हणूनच, आणि 'पंतप्रधान' हा शब्द शतकांनंतर दिल्लीच्या उपयोगी पडला. याच कोल्हापूर नगरीच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश दिला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून फार्सी शब्दांना बाहेरची वाट दाखवली. त्यांच्या विद्वत्तेला माझे वंदन आहे. त्यांच्या निष्कर्षाला नाही. फिर्याद, हद्द, दप्तर, जाब हे शब्द गेल्या काही मिनिटांत माझ्या तोंडून आले वा पुढे येतील, आणि त्यांच्यावर आज कोणी बोट ठेवणार नाही. एके काळी ती लष्कराची आणि कचेरीची नवी, परकी बोलीच होती. जो न्याय 'फिर्याद'ला मिळाला तो 'विषय हार्ड'ला का मिळू नये, याचे उत्तर शुद्धिवाद्यांनी द्यावे.

तालमीचेच पाहा. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेच्या मैदानातले शब्द, शड्डू ठोकणे, खडाखडी, काटाजोड, धोबीपछाड, चितपट, नुरा कुस्ती, हे हौद्यातल्या तांबड्या मातीतून उठून आज निवडणुकीच्या अग्रलेखांत जाऊन बसले आहेत. विधानसभेच्या बातमीत 'काटाजोड लढत' लिहिणाऱ्या उपसंपादकाला हे शब्द लांग बांधणाऱ्या पोरांचे आहेत याची आठवणही नसते. हौद्यातला शब्द प्रतिष्ठित होतो आणि कट्ट्यावरचा होत नाही, हा भेद भाषेने केलेला नाही. मधल्या पिढीच्या सोवळेपणाने तो केला आहे.

आता पोरांशीही मला स्पष्ट बोलावयाचे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी 'रांड' या शब्दापासून झालेली शिवी जिव्हाळ्याची हाक म्हणून चालवली आहे, आणि हाच कोल्हापूरचा रांगडेपणा असे तुम्ही सांगता. मी ते साफ नाकारते. विधवेला म्हणावयाचा शब्द वेश्येला चिकटला आणि तिथून शिवीत आला. नवरा मेलेल्या बाईला समाजाने काय किंमत दिली त्याचा तो जमाखर्च आहे. याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढू नये. गावाने जे केले ते तुमच्या जिभेला का जमू नये? जातींची नावे शिवीसारखी वापरणाऱ्या म्हणी आपल्या आजोबांच्या तोंडी सर्रास होत्या. तुमच्या पिढीत त्या पुष्कळ कमी ऐकू येतात, आणि तो तुमचा मोठेपणा मी उघड मान्य करते. ज्या करवीर संस्थानाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि ज्याच्या मुलखातल्या माणगावच्या परिषदेत १९२० साली शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना त्यांच्या समाजाचे पुढारी म्हणून गौरवले, तेथील बोलीतून असे शब्द गळाले तर बोली गरीब होत नाही. राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्याच्या कितीतरी आधी आपण तो घ्यावयास हवा होता.

दूरचित्रवाणीविषयी थोडेच. कोल्हापूरच्या मातीतल्या पैलवानाची कथा सांगणाऱ्या मालिकेने 'चालतंय की' घराघरांत पोचवले, त्याचा मला राग नाही. राग आहे तो इतर असंख्य ठिकाणच्या त्या वहिवाटीचा, की नायक-नायिका प्रमाण बोलतात आणि गडी, स्वयंपाकीण, विनोदी पात्र आपली बोली बोलते. दर वाक्याला एक 'व्हय' आणि एक 'नव्हं का' शिंपडले की बोली झाली, असे समजणारे संवादलेखक आमच्या गावी येऊन आठ दिवस राहिले तर बरे.

आता खऱ्या नुकसानीकडे येते, कारण नुकसान नाही असे माझे म्हणणेच नाही. काम गेले की कामाचा शब्द जातो. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे गेले. तिथे विजेची मोटर आली आणि 'डीपी जळाला' हे वाक्य आले. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली, आणा बाजारातून उठला, तरी 'सोळा आणे खरे' मागे राहिले. पायलीबरोबर गेलेल्या चिपट्या-मापट्यांना मात्र असा आसराही मिळाला नाही.  या शब्दांना कोणी लाजवून घालवले नाही. त्यांच्या वस्तूच नाहीशा झाल्या, आणि अश्रू ढाळून त्या परत येणार नाहीत. ते शब्द टिपून ठेवणे एवढेच आपल्या हाती होते, आणि तेही आपण केले नाही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्यानंतर आपल्या जिल्ह्याच्या शेतातले, गोठ्यातले, चर्मकारांच्या कामाच्या जागेवरचे किती शब्द कोणी गोळा केले?

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, चपलेला मिळाले, त्याचे सत्कार झाले. परंतु गुळव्याच्या तोंडचे शब्द किती जणांच्या दप्तरात आहेत? घाणा, काहील, चुलवाण, चिपाड, मळी, काकवी, आदण, वाफा, रवा. रस उकळत असताना भेंडीचा रस कधी घालावयाचा, पाण्यात टाकलेली गोळी कशी बसली म्हणजे काहील उतरवावयाची, हे सारे ज्या भाषेत सांगितले जाते ती भाषा हंगामागून हंगाम कमी माणसांच्या तोंडी उरते आहे, कारण गुऱ्हाळेच बंद पडत आहेत. येथे उशीर झाला तर जाब तरुणांना विचारता येणार नाही.

म्हणून माझी मागणी या सभेच्या संयोजकांकडे आहे आणि शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील मराठीच्या प्राध्यापकांकडे आहे. पोरांचे कान उपटण्याचा उद्योग बंद करा आणि त्याच पोरांच्या हाती, त्यांच्याच मोबाइलवर, हे काम द्या. दिवाळीनंतर चुलवाणे पेटतील. एकेका वर्गाने एकेक गुऱ्हाळ वाटून घ्यावे, रात्रपाळीला जावे, गुळव्या आणि जळव्या आपसात बोलतात ते त्यांच्या संमतीने जसेच्या तसे ध्वनिमुद्रित करावे, आणि 'करालाय'चे 'करतो आहे' करून उतरवून घेऊ नये. तेथे काम करणाऱ्या बायांनाही विचारावे, आणि त्या 'मी सांगतो' म्हणाल्या तर वहीत 'सांगतो'च लिहावे. हंगाम संपता संपता या वह्या संयोजकांकडे जमा व्हाव्यात. प्रत्येक वहीवर पहिले नाव बोलणाऱ्याचे असावे, लिहून घेणाऱ्याचे त्याखाली.