कल्पित जगाचं घर कोण बांधतं?



विज्ञानकथा लिहू पाहणारी मुलं कल्पित जग रचतात तेव्हा त्यात हमखास दोन जमाती असतात. एकीकडे उडत्या गाड्या, दुसरीकडे भाले. जणू शिडीच्या वरच्या पायरीवर एक समाज आणि खालच्या पायरीवर दुसरा. ही शिडी मला पटत नाही. का पटत नाही, ते किल्लारीत सांगताना बाहेरचे दाखले शोधावे लागत नाहीत.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं: किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. इथली घरं बहुतेक माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर किलचन, म्हणजे लाकडी फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंती हातभराहून जाड, दगडमातीच्या. दोन्ही अंगांना दगड आणि मधे गोटे नि चिखल. दोन्ही अंगं एकमेकांना धरून ठेवणारा आरपार दगड सहसा नसे. गळती थांबावी म्हणून माळवदावर पुन्हापुन्हा माती चढे आणि ओझं वाढत जाई. पण वैशाखात याच घरात गारवा असे. त्या रात्री भिंती ढासळल्या, हजारो माणसं गेली. आणि कित्येक घरांत लाकडी सांगाडा मात्र जागच्या जागी उभा राहिला. एकाच छपराखाली सुताराचं काम टिकलं, भिंतीचं टिकलं नाही. मग त्या घराची तंत्रज्ञानाची पातळी कोणती धरायची?

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. 52 गावं नव्या जागी वसली, काँक्रीटची घरं आली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, 7 हेक्टरपर्यंत 400, त्याहून अधिक असेल तर 750. नवं तंत्र आलं ते सातबाऱ्याच्या हिशेबानं. कल्पित जगातली विषमता अशी दाखवावी लागते, आणि आपले लेखक नेमकी तीच गाळतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मधलं काम. उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीसाठी भिंतीतले दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक करायचं, त्यात टोकं वाकवलेला गज ठेवायचा आणि काँक्रीट भरायचं. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार ठोकायचा. ना हे जुनं, ना नवं. गावातल्या गवंड्याला शिकता येईल असं हे तंत्र आहे. उडत्या गाड्यांच्या कथांत या गवंड्याला जागाच नसते.

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत प्रगत ज्ञान एका लोप पावलेल्या संस्कृतीचं आहे आणि ते जमिनीखालून वर येतं. म्हणजे शिडी उलटी धरण्याचं धाडस मराठीत झालेलं आहे. पुढचं धाडस वस्तीच्या, मजुरीच्या, दुरुस्तीच्या तपशिलाचं आहे.

म्हणून इथल्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे. जग रचण्याआधी आपल्या गावातल्या जुन्या गवंड्याकडे, सुताराकडे जाऊन बसा. माळवद कसं घालतात, भिंत कुठून फुटते, गज कोण पुरवतं, बिघडलेलं कोण दुरुस्त करतं, हे विचारा, वहीत उतरवा आणि मग कथेला हात घाला.